आवडे छे

फॉर्मात पाच खाने.
काहीच नाही, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट.
चौथीतली एकेचाळीस पोरं
शनिवारी बारापर्यंत या खान्यांत बसवून
ऑफिसात द्यायची आहेत.

मी दांडिया बाजारातली. घरात मराठी,
जिना उतरला की गुजराती,
पन्नाशी आली तरी एका शब्दाशी ठेचकाळते.
वर्गात विचारायचं असतं, वांचतां आवडे छे?
म्हणजे, वाचता येतं का.
माझ्या कानाला मात्र दर वेळी ऐकू येतं
आवडतं का रे, वाचायला?
आणि पोरं मान खाली घालून म्हणतात
नथी आवडतुं, बेन.
दोन्ही भाषांत एकदम
खरं बोलतात.

काल शाळा सुटल्यावर आम्ही सहा जणी आणि नटुभाई
पंख्याखाली बसलो.
हंसाबेन म्हणाल्या, घरी कोण बघतं यांच्याकडे.
ताहेराबेन म्हणाल्या, होळीला गावी जातात
ते आंबे संपल्यावर उगवतात.
कोणी म्हणालं, राठव्यांची बोलीच वेगळी.
कोणी, नापास करायचं नाही म्हटल्यावर काय होणार.
नटुभाईंनी गाठिया मागवले.
सगळं खरंच होतं, त्यामुळे
कोणालाच कोणाला उत्तर द्यावं लागलं नाही.
चहा गार होता होता कोणीतरी म्हणालं,
खालच्या वर्गांत शिकवलंच नाही ना कोणी यांना.

खालच्या वर्गांत म्हणजे दुसरीत.
दुसरीला मी होते.

कपाट उघडलं. दमट, एकमेकांना चिकटलेली पत्रकं
सोडवत सोडवत पोचले सतराव्या ओळीपाशी.
सुरतान राठवा. वाचन: आवडे छे.
निळी शाई, माझी सही,
शेपटी नेहमीसारखी लांब.
मार्चअखेर होती, आठवतंय.
मतदारयादीचं काम, पोलिओचे डोस,
आणि हा धडा घडाघडा म्हणत होता,
बरोब्बर जागी पान उलटत होता.
मी चित्रावर हात ठेवून पाहिला नव्हता.

आज ठेवला.
धडा मगरीचा. हे तर त्याच्या घरचंच.
गेल्या पुरात विश्वामित्रीतून एक
त्यांच्या झोपडीच्या मोरीपर्यंत आली होती.
ती कशी जबडा उघडून पडली, बापाने खाट कशी आडवी लावली,
फॉरेस्टवाले किती उशिरा आले
आणि त्यातल्या एकाची चप्पल कशी वाहून गेली,
अर्धा तास सांगतो, थांबत नाही.
शेवटचा खाना गोष्टीचाच आहे.
फक्त ती छापलेली हवी.

चित्र झाकलं तर तो माझ्या बोटांकडेच बघत राहिला,
फटीतून शेपूट तरी दिसेल म्हणून.

गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते.
लहानपणी मी ती ओढायची,
वहीभर, पट्टी लावून, आणि मार खायची.
उघड्यावर ठेवलीत बिचारी, असं वाटायचं.
त्यातल्या पहिल्यावर आता सुरतानचं बोट आहे.
म, म्हणतो.
यार्डातून मालगाडी जाते. तो मनात डबे मोजतो,
मला कळतं. मोजू देते.
ग.
मग माझ्या तोंडाकडे बघतो.
नुसते ओठ हलले की त्याला पुरतं.
इतकी वर्षं त्याने आमचे ओठच वाचलेत.
मी ओठ मिटून घेते.

साडेबारा होऊन गेलेत.
फॉर्मातली सतरावी ओळ कोरी आहे.
जुन्या पत्रकातलं आवडे छे मी खोडलं नाही,
त्याच्याखाली आजची तारीख घातली.
खिडकीच्या गजांतून चारपाच तोंडं
त्याला उत्तर पुरवू बघतायत, दबक्या आवाजात,
मी हात उगारते.

र छे, बेन?

बघ ना तूच,
म्हणते मी, चुकून
मराठीत.