सज्ञान

सोमवारी श्रीनिवास अठरा वर्षांचा झाला.
मंगळवारी बँकेनं त्याचं खातं थांबवलं.

काचेमागची मुलगी चांगली होती, हळू बोलली:
"पालक म्हणून तुमची सही आता चालणार नाही, मावशी.
मुलगा सज्ञान झाला."

घरी येऊन सूप मांडीवर घेतलं.
पत्ता कापला, तंबाखू भरली, दोरा गुंडाळला,
आणि प्रत्येक विडीचं तोंड दुमडताना
तो शब्द आत दाबत राहिले.
पाचशे विड्या झाल्या,
तो बाहेरच.

श्रीनिवास खाटेवर, भिंतीकडे तोंड करून.
भिंतीपलीकडे गाजुलांचा माग.
तो थांबला की हा रडतो,
म्हणून लाईट गेली की मी तोंडानं माग चालवते:
खटाक खट, खटाक खट,
लाईट येईपर्यंत. एकदा तीन तास.

जुना दाखला अठरापर्यंतचाच होता.
विडी घरकुलहून सिव्हिलपर्यंत रिक्षा,
रिक्षात तो माझ्या मांडीवर, आणि त्याचे पाय
बाहेर, वाऱ्यात.
डॉक्टरांनी गुडघा वाकवून पाहिला, वाकला नाही.
स्वतः जेवतो?
भरवलं तर.
बसतो?
धरलं तर.
बोलतो?
मला कळतं.
प्रत्येक उत्तरात मी होते.
लिहिताना त्यांनी मला गाळलं.

ब्रँचवर चेकर हजारातून चाळीस-पन्नास विड्या
छाट काढतो. सैल, वाकडी, तोंड उघडं.
छाटीचे पैसे नाहीत.
इथं उलटं. जेवढी छाट तेवढे टक्के.
ऐंशी लिहिले आणि मला बरं वाटलं,
खरंच बरं वाटलं,
मग जिन्यात बसून राहिले थोडा वेळ.
त्याच आठवड्यात समोरच्या चिलवेरींच्या पोरीला
बारावीत ऐंशी पडले. पेढा आला घरी.
अर्धा कुस्करून त्याच्या जिभेवर ठेवला.

मग कलेक्टर कचेरी.
आई असल्याचा अर्ज, दोन प्रतींत.
अठरा वर्षं अर्ज न करताच होते.
"वडील?"
भिवंडीला, मागावर.
"पैसे पाठवतात?"
दसऱ्याला साडी पाठवली होती. परवाच्या नाही, त्याच्या आधीच्या.
"सांभाळ करणाऱ्याचा व्यवसाय?"
विडी कामगार, म्हटलं.
आणि साहेब, सांभाळायचं वेगळं काही मिळतं का?
त्यानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.
"पेन्शन मुलाच्या नावाची असते, बाई."

मग अंगठा.
माझा अंगठा मशीन घेत नाही.
तीस वर्षं पत्त्यानं रेषा खाल्ल्या,
रेशन दुकानातही दरमहा हाच तमाशा.
पुसला, तेल लावलं, पुन्हा पुसला.
लाल. लाल. लाल.
"आता मुलाचा घ्या."
त्याची मूठ घट्ट, जन्मापासूनची.
ती ओढून उघडत नाही.
मी वाकून फुंकर घातली, थांबले, पुन्हा घातली.
रांग मागे चुळबुळत होती.
करंगळी सुटली आधी. मग बाकीची.
अंगठा काचेवर टेकला न टेकला
तोच हिरवा.

सगळ्या रेषा जागच्या जागी.
कधी काही न उचललेला,
कुणाला काही न मागितलेला अंगठा.
मशीनला तो माझ्यापेक्षा जास्त ओळखीचा.
क्लार्क हसला: "बघा, मालक कोण ते."
मलाही हसू आलं. का आलं, माहीत नाही.

कागद व्हायला तीन महिने लागतील.
तोवर खातं?
तोवर थांबा.
बरं.
रिक्षाचे दोनशे, परतीचे दोनशे,
म्हणजे हजार विड्या आणि वर काही.

घरी आलो तर लाईट नव्हती.
त्यानं मान वळवली, माझ्या ओठांकडे पाहिलं,
आणि वाट पाहत राहिला.
रडला नाही.
घसा कोरडा होता, पाणी पिऊन येते म्हटलं.
थांबला.
एवढं थांबणं कधी शिकला हा?

काय बघतोस नायना,
आले.
खटाक खट.