काळीच हवी

"काळीच हवी," साइमी म्हणाली
दारात बुटांवरचा बर्फ आपटत.
लिफाफ्यात पैसे: दोन हिवाळे
नगरपालिकेचं बर्फ ढकलायचं यंत्र चालवून साठवलेले,
नोटांना डिझेलचा वास.

मी फळी खिडकीशी नेली.
जानेवारीत दुपारी दोनला
तिथे मावळतीचं ऊन येतं, वीसेक मिनिटं.
ओल्या फडक्यानं एकदा पुसली
आणि लाकूड हललं.
म्हणजे, हललं नाही.
पण आपण मान जरा कलती केली की
लाटा डावीकडून उजवीकडे धावतात,
सरळ केली की माघारी.

"भूर्ज आहे," मी म्हणालो. "पिएलिनेनच्या काठचं.
बाहेरून काही कळत नाही, साल तीच पांढरी.
मेहुणा सरपणाला फोडत होता.
कुऱ्हाड सरळ जाईना त्याची, शिव्या देत होता झाडाला.
ढलपी उडाली ती सुरकुतलेली.
मी ओरडलो, ओस्मो, थांब!
बारा वर्षं साउनाच्या माळ्यावर सुकतंय."

"छान आहे," ती म्हणाली.
"पण काळीच."

फेब्रुवारीभर रंधा.
असल्या लाकडाला सुलट-उलट नसतं,
बोटभर पुढे गेलं की सुलट तेच उलट,
आणि पातं कपचा उपटून नेतं.
दर दहा हातांनी पातं परजायचं,
कांद्याच्या पापुद्र्याएवढंच काढायचं,
घाई झाली की उठून शेगडीत लाकूड सारायचं.

डावा कान करवतीच्या कारखान्यानं घेतला,
उजवा अर्धा ठेवला.
म्हणून मी लाकूड दातांनी ऐकतो:
मानेचं टोक दातांत धरायचं,
अंगावर टिचकी मारायची,
जबड्यातून कवटीत जे पोचतं ते खरं.
हिल्क्का म्हणते, बीव्हरशी लग्न लावून दिलं माझं.

तीच वेढे मोजते.
केसाहून बारीक तांब्याची तार, आठ हजार वेढे.
सहा हजार दोनशेला शेजारीण आली,
कॉफी झाली, कोणाचं कोणाशी तेही झालं,
आणि पुन्हा पहिल्यापासून.

मार्चात रंग.
गिऱ्हाइकाचे पैसे, गिऱ्हाइकाची गिटार.
फडकं काळ्यात बुडवलं,
चार हातांत सगळ्या लाटा गेल्या.
पालथी केली. पाठही काळी केली.
रात्री झोप आली नाही.
पहाटे खाली उतरून
चोरासारखी पाठ घासायला घेतली.
रंग उतरला, पण सगळा नाही.
धागे जिथे वळून उभे राहिलेले,
तिथे खोल मुरलेला निघेना.
काळी लाट, मधासारखी लाट, काळी.
ओलं फडकं फिरवलं.
इतकी तर ती आधीही धावत नव्हती.

साइमीनं पुढची बाजू पाहिली, मान डोलावली.
मग पालथी केली.
बराच वेळ काही नाही.
"मी काळी म्हटलं होतं."
"हो."
"पाठ कोण बघतं? पट्ट्याच्या बकलानं खरवडून निघेल."
"खरवडू दे."
तिनं बकल फिरवून कमरेच्या बाजूला घेतलं.
त्यावर काही बोलली नाही,
मीही नाही.

वायर जोडली. ॲम्प्लिफायरचा दिवा लागला.
"एक मिनिट," म्हणालो,
आणि वाकून मानेचं टोक दातांत धरलं.
ती इतकी हसली की पहिला सूर वाकडाच लागला.

मग खालची जाड तार.
मार्चच्या रात्री तलावावरचा बर्फ
या काठापासून त्या काठापर्यंत फाटत जातो ना,
लहानपणी अंथरुणात ऐकायचो,
तसं काहीसं:
दाढेतून, नाकाच्या हाडातून,
मेलेल्या कानाच्या मागून.
डोळ्यांत पाणी आलं. दाढ किडलीय, तिचंही असेल.

वरून हिल्क्का जमिनीवर काठी आपटत होती म्हणे.
मला काही ऐकू आलं नाही.
साइमीनं सांगितलं,
आणि आवाज वाढवला.