लवंग

दिवसभर गोळ्या विकतो मी
बडोद्यात, दांडिया बाजारच्या कोपऱ्यावर,
पट्टीवरची तारीख उजेडाला धरून.
रात्री अडीचला दाढ ठणकली
आणि खिशात दुकानाची किल्ली असून
हात गेला मिसळणाच्या डब्यात.

मोहरी. मेथी. जिऱ्यात सांडलेली हळद.
तळाशी एकच लवंग,
तीही फूल गळालेली, बोडकी.

दाढेखाली धरली. आधी चटका,
मग जीभ परक्याची झाली.

भिंतीपलीकडून जशुबेन, "लविंग मूक्युं?"
कण्हणं ऐकू गेलं असणार.
"हो," म्हटलं, बोबडंच.

सकाळी काउंटरवर एकानं विचारलं,
दाढेवर काय द्याल?
गोळी दिली. सुटे मोजले.
तोंड मात्र उघडलं नाही,
वास येईल म्हणून.