जे-सातचा मध्य

समुद्रावरून ग्लेनरॉथिसवर येणाऱ्या धुक्याला
इथे हार म्हणतात.
पहिल्या वर्षी वाटायचं, रोज संध्याकाळी
कोण हरतंय एवढं?
आता सवय झालीय. तीन नंबरची लाइन
पावणेदोनपासून बंद.

मशीन कुरकुरत नाही, नुसतं थांबतं.
खसखशीएवढे रेझिस्टर तासाला वीस हजार मांडतं,
एकही इकडचा तिकडे नाही.
अडलंय ते जे-सातवर:
एका बाजूला पत्र्याचं जड तोंड,
दुसरीकडे अकरा बारीक पाय.
नोझल श्वास ओढून त्याला उचलतं
आणि वाटेतच ते मान टाकतं.

फाइलीत सगळं आहे. क्ष, य, कोन.
फक्त डिझाइन करणाऱ्याने मोजलंय पहिल्या पायापासून
आणि मशीनला हवा मध्य.
कुठला मध्य, तेही धड कुणी लिहिलेलं नाही.
पायांचा, अंगाचा, की वजनाचा?
तिन्ही उत्तरं बरोबर,
आणि लाल डब्यात एकेचाळीस जे-सात.

सेंगा आली.
चहाचा मग पिवळ्या रेषेबाहेर ठेवला,
मनगटाला पट्टा बांधला.
एकोणऐंशी साली ती याच शेडमध्ये
चिमट्याने पार्ट लावायची;
तेव्हा फाइल नव्हती,
एक रंगीत फोटो होता आणि खेकसणारा फोरमन.
डब्यातलं एक तिने अंगठ्याच्या नखावर आडवं ठेवलं.
सरकवलं. अजून जरासं.
हात सोडला.
ते राहिलं.

“इथे, हेन.”
हेन म्हणजे कोंबडी नव्हे, बाई गं.

मी तिथे पेनने टिंब केलं, कॅलिपर लावला:
तोंडाकडे एक पूर्णांक पस्तीस मिलिमीटर.
वर सपाट जागा होती, जेमतेम नोझलपुरती.
लायब्ररीत बिंदू हलवला.
कोनही बदलला, कारण रिळात ते
उलट्या तोंडाने झोपतं.

तीन दहाला लाइन सुरू झाली.
उचललं, फिरवलं, बसवलं.
सेंगाने पाहिलंच नाही,
ती गार झालेल्या चहाला शिव्या देत होती.

जूनमध्ये ती निवृत्त होतेय.
कसं कळतं, विचारून पाहिलं एकदा.
“जिकडे जड वाटेल तिकडे नख न्यायचं,”
म्हणाली, आणि माझ्याकडे असं बघितलं
जसं मी गाठ कशी मारतात ते विचारलंय.

फाइलीत शेवटी शेऱ्याचा रकाना असतो.
मशीन तो वाचत नाही.
जे-सातच्या ओळीत मी तिथे
देवनागरीत लिहिलंय: सेंगा.