चौदा वाजून सात मिनिटं

क्लाक्सविकच्या धक्क्यावर धुकं इतकं उतरलंय
की समोरचं बेट कुणी खोडरबराने पुसलं असावं.
मी बाबांचा जुना कॉम्प्युटर उघडून बसलेय,
त्याचा पंखा धापा टाकतोय,
शेजारी नवी डिस्क, साबणाच्या वडीएवढी.

एकतीस फोल्डर.
बाबांनी बांधलेली एकेक नाव, तिच्याच नावाने.
सगळी एकदम उचलली, नव्या डिस्कवर टाकली.
कॉफीत साखर विरघळायच्या आत काम फत्ते.

पाहते तर एकतीसच्या एकतीस आजच्या तारखेचे,
चौदा वाजून सात मिनिटं.
हेर्गेर सुताराने बावीस वर्षांच्या होड्या
एकाच मिनिटात पाण्यात ढकलल्या म्हणायच्या!

आतल्या फायलींना धक्का नव्हता.
कणा, फळ्या, खिळ्यांचा हिशेब,
जो तो आपली जुनी तारीख घट्ट धरून.
विसरली ती फक्त दारं:
आत शेवटचं काय ठेवलं, काय काढलं, ते कधी.

खालच्या घरातला ब्रान्दुर आला,
हाताला माशांच्या खाद्याचा वास.
म्हणाला, फोल्डरची तारीख आपण होऊन येत नाही,
तिला वेगळं बोलावणं लागतं.
काळ्या खिडकीत त्याने एक ओळ लिहिली,
ओळीच्या शेपटाला दोन-चार अक्षरं,
आणि मानपान झालेल्या पाहुण्यांसारख्या
तारखा एकेक करून आत आल्या.

'त्याल्दुर', माझ्या लग्नाच्या दिवशी, पहाटे पाच चाळीस.
म्हणजे टाय सापडत नाही म्हणून
त्या खोलीत दिवा जळत होता, हे खोटं.
'रिता', नोव्हेंबर, रात्रीचे दोन.
त्या होडीचे पैसे कधीच आले नाहीत.

आणि 'सुन्वा'. माझं नाव. अर्धी राहिलेली.
नऊ फेब्रुवारी, रात्री तीन बारा.

तीन तारखेलाच बाबांना तोर्शाव्हनच्या इस्पितळात नेलं होतं.
घरात एकटी आई,
माउसला हात लावायचा तर आधी एप्रनला पुसणारी,
आणि मग न लावणारी.

सगळे आराखडे मोजले. आहेत.
काही आलं असेल तर ते दिसलं असतं.
गेलं असेल तर
त्याची एवढीच पावती: तीन बारा.

मघाशी ही पावती मीच फाडली होती,
नकळत, हातासरशी, बाकीच्या तिसांबरोबर.

आई आत रुबार्ब चिरतेय.
"झालं का गं सगळं नीट?"
"झालं," मी म्हणते. "जसंच्या तसं."

तसा एक तास इकडचा तिकडे दिसतोय,
उन्हाळी वेळेमुळे.
ब्रान्दुर म्हणतो, हात लावू नकोस,
ऑक्टोबरात घड्याळं मागे घेतली की
आपोआप जुळेल.