किमान

सतरा खोकी. जोरहाटहून ऐरोलीला यायला त्यांना
माझ्यापेक्षा नऊ दिवस जास्त लागले.
घरमालकीण रुनुमी बाइदेउंनी प्रत्येकावर
जाड पेनाने लिहून दिलं होतं त्यांच्या लिपीत:
भांडी, पुस्तकं, थंडीचे कपडे.
हमाल म्हणाला, बंगाली काय हो तुम्ही?
आई दारातूनच म्हणाली, देवगडचे आहोत आम्ही.
तेवढ्यात थंडीचे कपडे स्वयंपाकघरात गेले.

गेटवरचा रखवालदार नवा.
वहीत नाव, कुठून आलात, कुणाकडे, आत, बाहेर.
लिहिलं: मृदुला घोसाळकर. आसाम. घोसाळकर.
शेवटचा रकाना तसाच राहिला,
आणि पुढच्या सोमवारी सेक्रेटरी वही तपासणार म्हणून
त्याने तो आपल्या मनाने भरून टाकला:
संध्याकाळी ७.४०.
म्हणजे कागदोपत्री मी गेलेली आहे.
वर गॅलरीत माझा टॉवेल वाळतोय.

माझ्या खोलीत आता आईचं शिलाई मशीन.
दोरीवर लोकांच्या साड्या, फॉल-बिडिंगला आलेल्या,
प्रत्येकीला टाचणीने चिठ्ठी:
कुणाची, कधी परत द्यायची.
रात्री पंखा लावला की सगळ्या चिठ्ठ्या हलतात.
मी त्यांच्याखाली झोपते, चिठ्ठीशिवाय.

का आलीस, विचारतात.
ढवणकाकूंना सांगितलं, बदली.
आत्याला सांगितलं, बाबांचा गुडघा.
केस कापणाऱ्या मुलीने विचारलं
तेव्हा डोळे मिटून घेतले,
केस डोळ्यांत जातायत असं दाखवून.

दिवा गावातल्या मढवी बाईकडे खाडीची कोलंबी होती.
मी वाटा बोटाने दाखवून विचारलं, किमान?
अकरा वर्षं तोंडात बसलेला शब्द.
तिकडे त्याचा अर्थ फक्त, केवढ्याला.
बाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली,
किमान न् कमाल माझ्याकडं नाय गो.
अरीचशे म्हंजे अरीचशे.
मी दिले. घासाघीस करायला
आधी कुठल्या भाषेत करायची ते ठरायला हवं.

चारला जाग येते.
तिकडे सूर्य लवकर कामाला लागतो,
आणि चहाचे मळे तर आपलं घड्याळ
तासभर पुढेच लावतात, बाकीच्या देशाला न विचारता.
इथे अंधार. खाडीवरून येणारा चिखलाचा वास,
पुलावर एखादा टँकर.
पाणी प्यायला उठले तर
फ्रिजवरचं घड्याळ पाच दाखवत होतं.
सेल उतरला असेल.
स्टुलावर चढून काटा मागे घेतला.

दुसऱ्या पहाटे पुन्हा पाच.
पुन्हा मागे घेतला.
तिसऱ्या पहाटे बाबा तिथेच बसलेले,
गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून.
ते नको हलवूस, म्हणाले. ते बागेचं आहे.
फोन करायच्या आधी बघावं लागायचं,
तू कामावर गेलीस की घरात आहेस.

पण आता मी इथेच आहे ना.

हो, म्हणाले. आणि पिशवी दुसऱ्या गुडघ्यावर ठेवली.
भिंतीवरचं आहे की खऱ्या वेळेला.

मग मी चहा केला. तिकडचाच, खोक्यातला.
बाबांनी एक घोट घेतला आणि
पुरता विचार करून साखर मागितली.

सोळा खोकी उघडून झाली.
सतराव्याला वाटेत कुठेतरी पाणी लागलंय,
बाइदेउंचं अक्षर फुटून निळा डाग झालाय.
भांडी असतील. किंवा मी विसरलेलं काहीतरी.
आई म्हणते, राहू दे मशीनखाली,
पाय ठेवायला बरं पडतं.