धोटा, अक्कलकोट रोड

जावयानं टेबल आठवडाभर आधी सांगून ठेवलेलं.
अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या मागाच्या शेडमध्ये
नवीन हॉटेल निघालंय, नाव 'धोटा'.
महानंदानं ठेवणीतली इरकल नेसली
आणि दारातच थबकली, चपला काढायच्या का म्हणून.

आत कांड्यांचे दिवे.
पाणी द्यायला आला तो पोरगा
आधी पाण्याची गोष्ट सांगायला लागला.
मेनूत भाव होते, रुपयाची खूण नव्हती,
आणि पदार्थांची नावं अशी:
'मे महिना, दुपारी तीन',
'हुरड्याचा धूर',
'आजोळ'.
आजोळ किती तिखट असतं, मी विचारलं.
मध्यम, तो म्हणाला.

पहिलं आलं काचेचं झाकण. उचललं तर नुसता धूर,
धुरामागं करंगळीएवढं वांगं.
श्रीशैलचे फोटो होईपर्यंत आम्ही हात आवरून बसलो.
मी म्हटलं, भरलेलं वांगं खूप खाल्लंय,
पोकळ पहिल्यांदाच.
लेकीनं टेबलाखालून पाय दाबला.

मग काळ्या फरशीच्या तुकड्यावर
शेंगाचटणीचा फेस,
आणि त्यात तिरप्या रोवलेल्या
कडक भाकरीच्या तीन कपच्या.

महानंदा बोलायची थांबली.
एक कपची उचलून तिनं दिव्याकडं धरली,
मागूनपुढून बघितली,
आंघोळ झाल्यावर पोराचे कान बघावेत तशी.
"ही माझी आहे."

"आई, भाकरी काय, सगळ्या सारख्याच..."
"कडेला बोट उठलंय बघ. करंगळीशेजारचं.
वाकडंय ते माझं, गिरणीच्या पट्ट्यात सापडल्यापासनं."

नव्या पेठेतल्या दुकानात मी रोज शंभर टाकतो,
लुनावरनं, फडक्यात बांधून,
आठ रुपयाला एक.
पुढं ती कुठं जाते, कधी विचारलं नव्हतं.
इथं तीन कपच्या, तीनशे चाळीस.
मी बोटांवर हिशेब मांडायला लागलो;
ती खायला लागली.

फेस जिभेवर गेला आणि नाहीसा झाला.
ती थांबली. पुन्हा घेतला.
"लसूण भाजून घातलाय," म्हणाली,
"चोरासारखा. मागनं येतो."
हे कौतुक होतं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली,
एवढं मला कळतं.

आणि उठली. सरळ आत,
जिथं काचेपलीकडं चिमट्यानं कोथिंबिरीचं एकच पान ठेवत होता
मालक पोरगा, चिलवेरींचा विनीत.
आम्हाला ऐकू काही येत नव्हतं.
पदर खोचलेला दिसत होता,
हात हलताना दिसत होते:
फ्रीज नाही. डबा नाही. फडक्यात. उभ्या.
तो चिमटा तसाच धरून
मान हलवत राहिला,
मग त्यानं खिशातनं पेन काढलं.

शेवटी काय आलं ते नीट आठवत नाही.
गार होतं, ज्वारीचं होतं.

परतताना लुना सात रस्त्याच्या सिग्नलला थांबली.
"सादळलेली होती ओ भाकरी," ती मागनं म्हणाली.
"उद्यापासनं थेट त्यालाच द्यायची.
पंधराला."
सिग्नल सुटला.
"आणि ते आजोळ मागवायला पाहिजे होतं."